प्रॉक्सीवरची टोकनतपासणी : गेट चालते, पोस्ट अडकते

प्रश्न : आमच्या अॅपच्या वेब एपीआयपुढे (इतर प्रोग्रॅमनी अॅपशी बोलण्याचा मार्ग) एनजिनएक्स या वेब सर्व्हरची प्रॉक्सी आहे, म्हणजे बाहेरची विनंती आधी तिच्याकडे येते आणि मग अॅपकडे जाते. एनजिनएक्सची 'ऑथ_रिक्वेस्ट' ही सोय वापरून प्रत्येक विनंतीचे टोकन (ओळख पटवणारी खूण) आम्ही वेगळ्या सेवेकडून तपासून घेतो. गेट (माहिती मागणाऱ्या) विनंत्या सुरळीत जातात, पोस्ट (माहिती पाठवणारी) मात्र मिनिटभर लटकते आणि 500 (सर्व्हरमधली चूक) हा कोड देते. टोकन दोन्हीकडे तेच आहे.

उत्तर : टोकन ठीक आहे. एरर लॉगमध्ये 'ऑथ रिक्वेस्ट अनएक्स्पेक्टेड स्टेटस: 504' अशी ओळ सापडेल. 504 म्हणजे वेळेत उत्तर आले नाही. तपासणीसाठी जाणाऱ्या उपविनंतीत मूळ हेडर (विनंतीबद्दलची माहिती देणाऱ्या ओळी) असतात, बॉडी (प्रत्यक्ष मजकूर) नसते. त्यात बॉडीची लांबी सांगणारा 'कन्टेन्ट-लेन्थ' हेडरही तसाच गेला, की तपासणारी सेवा कधीच न येणाऱ्या बॉडीची वाट पाहते. 60 सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट संपतो. ऑथ_रिक्वेस्टला 2xx (200 ते 299 मधला कोड) म्हणजे परवानगी आणि 401 किंवा 403 म्हणजे नकार एवढेच कळते. बाकी कोणताही कोड आला की ते 500 देते.

तपासणीच्या लोकेशनमध्ये (एनजिनएक्सच्या सेटिंगमधला एका पत्त्यापुरता भाग) 'प्रॉक्सी_पास_रिक्वेस्ट_बॉडी ऑफ' लिहा आणि 'प्रॉक्सी_सेट_हेडर'ने कन्टेन्ट-लेन्थ रिकामा करा. त्याच लोकेशनला 'इंटरनल' लावा, म्हणजे बाहेरून ते थेट उघडणार नाही. उपविनंती नेहमी गेट म्हणूनच जाते. त्यामुळे परवानगी मेथडवर (गेट की पोस्ट) किंवा पत्त्यावर ठरत असेल तर मूळ मेथड आणि यूआरआय (मागितलेला पत्ता) वेगळ्या हेडरमधून पाठवा. एक जागा हमखास चुकते : लोकेशनमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर लिहिला, तरी वरच्या पातळीवरचे सगळे प्रॉक्सी_सेट_हेडर तिथे लागू होत नाहीत. हवे असलेले पुन्हा लिहावे लागतात.

आता तुम्ही न विचारलेली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तपासणीनंतर वापरकर्त्याचे नाव 'एक्स-यूजर'सारख्या हेडरमधून अॅपला देत असाल, तर ते 'ऑथ_रिक्वेस्ट_सेट'ने तपासणीच्या उत्तरातून घ्या आणि प्रॉक्सी_सेट_हेडरने प्रत्येक लोकेशनमध्ये, तपासणी नसलेल्या लोकेशनमध्येसुद्धा, ओव्हरराइट करा. नाहीतर बाहेरून कोणीही 'एक्स-यूजर: अॅडमिन' पाठवेल आणि अॅप ते खरे मानेल. अॅप प्रॉक्सीच्याच यंत्रावर असेल तर ते 127.0.0.1 वरच, म्हणजे फक्त त्या यंत्रातूनच, ऐकू दे. वेगळ्या यंत्रावर असेल तर फायरवॉलमधून फक्त प्रॉक्सीचा पत्ता सोडा. अॅपपर्यंत एचटीटीपीएस वापरत असाल तर 'प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय ऑन' करा आणि विश्वासू सर्टिफिकेटची फाइल द्या. हा पर्याय मुळात बंद असतो, म्हणजे एनक्रिप्शन होते पण समोर कोण आहे हे तपासले जात नाही.

प्रश्न : प्रत्येक विनंतीला तपासणी होत असल्याने वेग मंदावला आहे. तपासणीचे उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण 'प्रॉक्सी_कॅश_की'मध्ये (साठवलेले उत्तर ज्यावरून शोधले जाते ती खूण) टोकन असलेला ऑथरायझेशन हेडर घालूनच. डिफॉल्ट की पत्त्यावरून बनते आणि तपासणीचा पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो. म्हणजे पहिल्या माणसाला मिळालेली परवानगी पुढच्या प्रत्येकाला, चुकीच्या टोकनलासुद्धा, लागू होईल. परवानगी मेथड किंवा यूआरआयवर ठरत असेल तर तेही कीमध्ये हवेत. मुदत 30 सेकंदांच्या आसपास ठेवा, कारण रद्द केलेले टोकन तितका वेळ चालत राहते. सेवा 204 (यशस्वी, पण मजकूर नाही) देत असेल तर कोणते कोड किती वेळ साठवायचे हे सांगणाऱ्या 'प्रॉक्सी_कॅश_व्हॅलिड'मध्ये 204 स्पष्ट लिहा. 401 मात्र कॅश करू नका.