थायॉल गट 'मुक्त' की 'मोकळा'?

प्रश्न असा आलाय की अन्नातल्या प्रथिनांच्या तपासणीवर मराठीत लिहिताना 'फ्री थायॉल ग्रुप'ला (थायॉल म्हणजे गंधक-हायड्रोजनचा –SH गट) 'मुक्त थायॉल गट' म्हणायचं की 'मोकळा', आणि मुक्त म्हणजे तो प्रथिनापासून सुटलेला असतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, सुटलेला नसतो. घोळ होतो तो 'मुक्त मेदाम्ला'मुळे. तिथे मेदाम्ल खरंच ग्लिसरॉलपासून तुटून वेगळं झालेलं असतं. थायॉल मात्र सिस्टीन या अमिनो आम्लाचा भाग म्हणून साखळीला चिकटलेलाच असतो, फक्त त्याच्या गंधकाने दुसऱ्या सिस्टीनच्या गंधकाशी जोडी, म्हणजे डायसल्फाइड बंध, केलेली नसते. खुर्ची मोकळी आहे म्हणतो तेव्हा ती जागेवरच असते ना, तसं. म्हणून मला अर्थाने 'मोकळा' जास्त पटतो. पण पाठ्यपुस्तकी मराठीत 'मुक्त' रुळलाय, तेव्हा तो ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'बंधात न अडकलेला' एवढं जोडून द्या, काम होतं.

आता खरी गंमत पुढे आहे, कारण लॅबमध्ये जे मोजलं जातं ते दर वेळी 'मुक्त' असतंच असं नाही. नेहमीची पद्धत एलमनची, १९५९ सालची. डीटीएनबी नावाचं अभिकर्मक टाकायचं, पीएच ८ च्या आसपास ठेवायचा, ते थायॉलशी भिडलं की त्याचा टीएनबी नावाचा तुकडा सुटतो, पिवळा रंग येतो आणि तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१२ नॅनोमीटरला वाचायचा. पण घडी घातलेल्या प्रथिनाच्या पोटात दडलेल्या थायॉलपर्यंत डीटीएनबी नीट पोचतच नाही. मग जो आकडा येतो तो 'मुक्त'चा नाही, 'हाताशी आलेल्या'चा. दडलेलेही मोजायचे तर युरिया किंवा एसडीएस (एक डिटर्जंट) घालून आधी घडी उलगडावी लागते.

दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाचं बघा. त्यात पाच सिस्टीन, चार दोन बंधांत गुंतलेले, एक मोकळा आणि तोही आत लपलेला. तापवलं की तो उघडा पडतो, त्यामुळे सुरुवातीला 'पृष्ठावरचे' थायॉल वाढलेले दिसतात. पण उघडे पडलेले थायॉल नवे बंध करतात, हवेने ऑक्सिडाइज होतात, म्हणून 'एकूण मुक्त' कमी होतात. दोन्हींना नुसतं 'मुक्त' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल लेखक एका पानात दोन उलट गोष्टी सांगतोय! त्यामुळे 'उघडे मुक्त' आणि 'एकूण मुक्त' असे दोन शब्द करा आणि उलगडायला काय वापरलं तेही लिहा.

'एकूण थायॉल' हे परत तिसरंच, त्यात डायसल्फाइड तोडून सुटलेलेही येतात. तिथे बंध तोडायला मर्कॅप्टोइथेनॉल वापरलं तर ते स्वतःच थायॉल, डीटीएनबी त्याच्याशीही रंग देणार, त्यामुळे मोजणीआधी ते धुऊन काढावं लागतं.

'सल्फहायड्रिल' दिसलं तर घाबरू नका, तोच गट. 'मर्कॅप्टन' हे थायॉलवाल्या संयुगांचं जुनं नाव, पाऱ्याला धरून ठेवणारा अशा अर्थाच्या लॅटिनवरून आलेलं.