सोमवारची पाटी

'ताई, मी पाचूबंदरची कोळीण, वय 57. पहाटे धक्क्यावर लिलाव, मग वसई रोडहून लगेज डब्यातून बाजार. दुपारी घरचं, संध्याकाळी आळीतली रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मीच चालवते, आजाऱ्यांकडे जाऊन येते. 30 वर्षं हेच चाललंय. गेल्या वर्षी गुडघे सुजायला लागले, साखरही निघाली. डॉक्टर म्हणतात, ओझं कमी करा. माशांची पाटी उचलताना सून हात लावायला येते, तेही मनाला लागतं. रोज देवाकडे ताकद मागते, मिळत नाही. पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की पंधरा दिवसांत सूज उतरते, पण ऑगस्टात पुन्हा तेच. माझा विश्वास कुठे कमी पडतोय? कोणती प्रार्थना करू?'

बाय, मी तुझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते. रागावू नकोस. रागवायची पाळी माझी आहे.

तुझं मूळ पत्र चार पानांचं. इथे थोडकंच छापलंय. त्या चार पानांत विश्वासाबद्दल साडेतीन पानं आणि बंदीबद्दल एक ओळ. मी त्या ओळीवर अडकले.

1 जूनला बंदी लागते, 31 जुलैला उठते. 61 दिवस. माशांच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. बोटी वर ओढून शाकारतात आणि तुझा नाखवा ओटीवर बसून फाटकं जाळं सांधतो. त्याला त्या दिवसांत कोणी आळशी म्हणतं? तू म्हणतेस? तुझं काम तेव्हाही थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. सुके बोंबील असतात, सुकट असते. पण ती पाटी हलकी, बर्फाचं पाणी मानेवर गळत नाही आणि पहिली लोकल पकडायची नसते. एवढ्यानेच सूज उतरते. प्रार्थना तीच, देव तोच, बाईही तीच. कमी झालं ते ओझं. आणि तू मला विचारतेस, कोणती प्रार्थना करू!

सरकारने थांब म्हटलं की तू थांबतेस. देवाने त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवलंय. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा आहे, ती आज संध्याकाळी काढून वाच. विसावा कोणाकोणाला द्यायचा याची यादीच आहे तिथे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका. गाढवाचंही नाव घेतलंय गं. तुझ्या गुडघ्यांना तू त्याच्याइतकाही मान देत नाहीस.

आणि तू कोळ्याची लेक असून तुला मी योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय सांगावा? बरं, सांगते. येशूचा शिष्य पेत्र आणि बाकीचे सहा जण रात्रभर जाळं टाकून रिकामे. पहाटे किनाऱ्यावरून येशू सांगतो, उजव्या बाजूला टाका, आणि 153 मोठे मासे लागतात. लिलावाची सवय असल्यामुळे तुझं लक्ष त्या 153 वर जाणार. माझं नेहमी निखाऱ्यांवर जातं. ते किनाऱ्याला लागतात तेव्हा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवलेली आहे, भाकर आहे. ती मासळी यांच्या जाळ्यातली नव्हती. यांनी आणलेलीतली थोडी त्याने मागितली खरी, पण चूल त्याआधीच मांडून झाली होती. मग तो म्हणतो, या, न्याहारी करा. 30 वर्षं तू सगळ्यांना वाढत आलीस. तुलाही कोणी वाढून ठेवलं असेल, हे तुझ्या मनालाच शिवत नाही.

न्याहारी झाल्यावर तो पेत्राला म्हणतो, तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून वाटेल तिकडे जायचास, म्हातारा झालास की हात पुढे करशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधेल. हे पेत्राच्या मरणाविषयी होतं असं योहानच सांगतो. तरी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नात डोळ्यांत थेंब घालायची तेव्हा मला रोज हेच आठवायचं. पहिले चार दिवस मी तिच्यावर खेकसले. पाचव्या दिवशी गुमान मान वर केली. तुझी सून पाटीला हात लावते त्याने तुला कमीपणा येतो, असं तू लिहिलंस. लावू दे तिला हात.

आता काय करायचं ते ऐक. सोमवारी पाटी उचलायची नाही. रविवार सोड असं मी म्हणत नाही. चर्चमधली पहाटेची मिस्सा करून तू बाजार गाठतेस, कारण आठवड्याची कमाई रविवारवर असते. सोमवारी मात्र निम्मं गिऱ्हाईक माशाला शिवत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फादर म्हणाले की विसाव्याचा वार रविवार, तर माझं नाव सांग. पाटी भिंतीला पालथी घालायची. ती सुनेच्याही डोक्यावर जाणार नाही. यादीत मुलगी आहे, तिच्यातच सून धर. आजाऱ्यांकडे मंगळवारी जा, ते वाट बघतील. साखरेची गोळी तेवढी सोमवारीही घ्यायची, आणि गुडघे डॉक्टरांना पुन्हा दाखवायचे. एक सोमवार करून मला कळवायचं नाही. चार झाले की लिही.

रोजरीही त्या दिवशी दुसरी कोणी चालवेल. सोमवारी रोजरीत आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माचे-बालपणाचे प्रसंग, असतात. शेजारणीने चुकून दुःखाची सुरू केली, तरी तू मागे भिंतीला टेकून, पाय पसरून बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही.