काबीज, व्याप्त, मुक्त: पॅरिससाठी कोणता शब्द?

दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखात 'जर्मनीने पॅरिस काबीज केले' आणि पुढे 'पॅरिस स्वतंत्र झाले' असं आहे. हे शब्द चालतील का, असा प्रश्न आला आहे. पहिला मला खटकतो. दुसरा सरळ चुकीचा वाटतो.

'काबीज' आणि 'कब्जा' एकाच अरबी धातूचे, मुठीत धरण्याच्या अर्थाचे. पण मराठीत काबीज म्हटलं की गड, वेढा, मोर्चे डोळ्यांपुढे येतात. १४ जून १९४० ला तसं काही घडलं नाही. फ्रेंच सरकार आधीच निघून गेलं होतं, पॅरिस 'खुलं शहर', म्हणजे लढून राखलं जाणार नाही असं शहर, जाहीर झालं होतं, आणि जर्मन फौजा न लढता आत आल्या. तिथे 'ताबा घेतला' पुरे.

पुढच्या चार वर्षांसाठी 'व्याप्त' चांगला. पाकव्याप्त काश्मीरमुळे तो कानात बसलेला आहेच. घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावलेली, रस्तोरस्ती जर्मन पाट्या, हॉटेल माजेस्तिकमध्ये लष्करी मुख्यालय: शहर खरोखरच व्यापलेलं होतं. 'जर्मन अंमल' मात्र मी जपून वापरेन. अंमलात कारभार येतो, आणि रोजचा कारभार बराचसा फ्रेंच अधिकारी आणि पोलीसच पाहत होते. जुलै १९४२ मध्ये सुमारे १३,००० ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना घराघरांतून धरून नेलं ते फ्रेंच पोलिसांनी. नुसतं 'जर्मन अंमल' लिहिलं की त्यांचा हात झाकला जातो, आणि तो झाकला जाऊ नये.

आता 'स्वतंत्र'. २५ ऑगस्ट १९४४ ला जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांचे नेते जनरल द गॉल पॅरिसच्या नगरभवनात आले, तेव्हा प्रजासत्ताकाची घोषणा करा असा आग्रह त्यांना झाला. त्यांनी नकार दिला. प्रजासत्ताक कधी संपलंच नव्हतं, ही त्यांची भूमिका. म्हणजे नवं राज्य जन्मलं नाही, बळकावलेलं शहर सुटलं. त्याला शब्द 'मुक्ती'. हा भेद आपण घरातही पाळतो: १५ ऑगस्ट स्वातंत्र्यदिन, पण १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि १९ डिसेंबर गोवा मुक्तिदिन.

राहिलं क्रियापद. 'मुक्त झालं' म्हटलं की कर्ता गळतो, आणि पॅरिसच्या बाबतीत कर्ता हाच तर कळीचा मुद्दा. द गॉल त्याच दिवशी म्हणाले, पॅरिसनं स्वतःला मुक्त केलं. त्यात तथ्य आहे: १९ ऑगस्टला शहरात उठाव झाला, अडथळे उभारून लोक लढले. पण २४ च्या रात्री नगरभवनापाशी पोचलेल्या फ्रेंच सेनापती लक्लेर्कच्या पहिल्या तुकडीत बरेचसे स्पॅनिश प्रजासत्ताकवादी, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात हरून परागंदा झालेले लढवय्ये, होते, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन पायदळही आलं. म्हणून मी लिहीन: 'पॅरिसकरांनी उठाव केला आणि फ्रेंच-अमेरिकन फौजांच्या साथीनं शहर मुक्त केलं.' वाक्य लांबतं, पण कोणी सुटत नाही.