भाच्याला कॉलेज फुटबॉलची ‘ऑफर’ आलीय, म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न: माझी बहीण डॅलसजवळ राहते. तिचा मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळतो. गेल्या महिन्यात तीन कॉलेजांच्या कोचनी त्याला ‘ऑफर’ दिली. बहीण म्हणते, शिक्षणाचा खर्च सुटला. खरंच असं असतं का? टीममध्ये घेतलेल्या नवीन मुलांचं पुढे काय होतं? इथे नागपुरात आम्हाला कुणालाच यातलं काही कळत नाही.

उत्तर:

आधी भाच्याचं मनापासून अभिनंदन. टेक्साससारख्या फुटबॉलवेड्या राज्यात शाळेच्या टीममधून तीन कोचच्या नजरेत भरणं सोपं नाही. पण ताईंना आजच फोन करून सांगा, की खर्च अजून सुटलेला नाही.

मी मूळचा अमरावतीचा. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करताना चार वर्षं मी तिथल्या खेळाडूंना गणित आणि स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. मोठ्या टीमचा स्वतःचा अभ्यासविभाग असतो, त्यांचे ट्यूटर असतात, त्यातला मी एक. शाळा संपवून नुकतीच आलेली पोरं दर जूनमध्ये माझ्यासमोर येऊन बसायची. त्यामुळे मैदानातलं कमी, पण या पोरांचं पहिलं वर्ष कसं जातं ते मी जवळून पाहिलंय.

‘ऑफर’ या शब्दाने आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूनंतर ऑफर लेटर आलं की पेढे वाटतात. इथे कोच फोनवर किंवा मैदानाच्या कडेला उभा राहून ‘आम्ही तुला ऑफर देतोय’ म्हणतो, आणि त्या वाक्याने कुणीच बांधलं जात नाही. अकरावीतल्या मुलाला शिष्यवृत्तीची लेखी ऑफर नियमानुसार देताच येत नाही. ती बारावीच्या वर्षी १ ऑगस्टपासून देता येते. एका मोठ्या टीमला शाळांमधून वर्षाला साधारण वीस-पंचवीस मुलं हवी असतात आणि तोंडी ऑफर मात्र शेकडो मुलांना दिलेल्या असतात. मुलाने ‘कमिट’ केलं, सोशल मीडियावर त्या कॉलेजची टोपी घालून फोटो टाकला, तरी तोही शब्दच. मुलगा फिरू शकतो, कॉलेजही फिरू शकतं. मधल्या काळात कोच बदलला तर नवा माणूस जुन्या माणसाचा शब्द पाळेलच असं नाही.

पक्कं होतं ते सहीने. २०१७ पासून डिसेंबरमध्ये तीन दिवसांची पहिली सहीची मुदत असते आणि चांगल्या टीमांची बहुतेक मुलं तेव्हाच सही करून मोकळी होतात. उरलेल्यांसाठी फेब्रुवारीचा पहिला बुधवार. पूर्वी यासाठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद असायचा, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता थेट शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते. तो करार ताईंनी आणि भाऊजींनी ओळन् ओळ वाचावा. एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा? दुखापत झाली तर काय? खोली, जेवण, पुस्तकं धरलीत का? आणि पूर्ण आहे की अर्धा? हा शेवटचा प्रश्न नवीन आहे. सगळ्यात वरच्या गटात पूर्वी एका टीमला ८५ शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या सगळ्या पूर्ण असायच्या. खेळाडू आणि कॉलेज खेळांची मुख्य संस्था यांच्यात २०२५ मध्ये कोर्टात झालेल्या मोठ्या तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांना ८५ ची मर्यादा राहिली नाही, पण शिष्यवृत्ती तुकड्यांत वाटायची मुभा मिळाली. त्याच तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसेही देता येऊ लागले. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा होती. ते पैसे बहुतांशी नावाजलेल्या खेळाडूंकडे जातात. शाळेतून येणाऱ्या साध्या मुलाने त्यावर हिशोब मांडू नये.

ती तीन कॉलेजं कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. कॉलेज खेळांच्या वन, टू, थ्री अशा तीन डिव्हिजन, म्हणजे पातळ्या असतात. सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये फुटबॉलचे वरचा आणि खालचा असे दोन गट आहेत. खालच्या गटात आणि डिव्हिजन टूमध्ये बहुतेकांना थोडीथोडीच मदत मिळते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही लीगमध्येही नसते. तिथला कोच ‘ऑफर’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, की प्रवेशासाठी मी तुझी शिफारस करेन. फी घरच्या उत्पन्नावरून ठरते. शिक्षण म्हणून ती संधी उत्तमच आहे, पण तिचा अर्थ वेगळा आहे.

तिघांपैकी कुणी ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणालं असेल तर तेही समजून घ्या. टीममध्ये जागा, पण पैसे नाहीत, असा त्याचा अर्थ. या वाटेने आलेली पोरं मोठी झाली आहेत. स्टेट्सन बेनेट २०१७ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या टीममध्ये असाच आला. एक वर्ष दुसऱ्या छोट्या कॉलेजात जाऊन परतला आणि २०२१ व २०२२ अशा लागोपाठ दोन सीझनमध्ये जॉर्जियाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू म्हणून त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण तडजोड मानलेल्या कॉलेजांत आता टीमची संख्याच १०५ वर बांधली आहे. पूर्वी सव्वाशे पोरं सहज असायची. जी वीसेक कमी झाली, ती मुख्यतः अशीच, स्वतःच्या खर्चाने शिकणारी. मला याचं फार वाईट वाटतं. सकाळी सहाच्या ट्यूशनला माझ्याकडे एक मिनिटही उशीर न करणारी पोरं हीच होती.

आता पुढे काय होतं, ते. तुमच्या प्रश्नातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण घरची माणसं सहीच्या दिवसापर्यंत सगळं करतात आणि मग त्यांना वाटतं, पोरगं मार्गी लागलं.

काही मुलं शाळा सहा महिने आधी संपवून जानेवारीतच येतात, म्हणजे वसंतातल्या पंधरा सराव-सत्रांना हजर राहता येतं. बाकीची जूनमध्ये. घरून निघताना ते आपल्या गावातलं सगळ्यात धिप्पाड, सगळ्यात वेगवान पोर असतं. इथे त्याच्यासमोर बावीस-तेवीस वर्षांचे गडी उभे असतात.

जॉर्जियातल्या एका लहानशा गावातून आलेला एक मुलगा माझ्याकडे होता. ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवणाऱ्या फळीतला, वजन १३० किलोच्या आसपास. संध्याकाळी यायचा तेव्हा दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या, त्यावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं. बर्फ वितळून टेबलाखाली पाणी साचायचं. तो दर वेळी खाली वाकून आपल्या टॉवेलने ते पुसायचा आणि ‘सॉरी सर’ म्हणायचा. बोटांना चिकटपट्ट्या, त्यामुळे पेन्सिल मुठीत धरून लिहायचा. गणितात कच्चा नव्हता, थकलेला होता. जुलैत एकदा समीकरणं सोडवताना मध्येच थांबून त्याने विचारलं, “तुम्ही घरी किती दिवसांनी फोन करता?” मी म्हटलं, दर रविवारी. तो म्हणाला, “मी अकरा दिवस केला नाही. आई विचारेल कसं चाललंय, आणि मग मला खोटं बोलावं लागेल.” मी वही मिटली, त्याला फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये पाठवलं. वीस मिनिटांनी आला, नाक पुसलं आणि उरलेली सहा गणितं सोडवली. त्या वर्षी तो एकाही सामन्यात उतरला नाही.

न खेळणं ही शिक्षा नसते, हे घरच्यांना माहीत असायला हवं. एके काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममधून खेळायलाच बंदी होती, फुटबॉलमध्ये ती १९७२ मध्ये उठली. आता ‘रेडशर्ट’ असतं. पाच वर्षांत चार सीझन खेळायचे, तर पहिलं वर्ष नुसतं शरीर कमवायला आणि प्लेबुक, म्हणजे टीमच्या चालींची वही, पाठ करायला वापरायचं. २०१८ च्या नियमाने चारपर्यंत सामने खेळूनही ते वर्ष हिशोबात धरत नाहीत. भाचा पहिल्या वर्षी टीव्हीवर दिसला नाही म्हणून नागपूरहून कुणी त्याला “का रे, बसवलं का तुला?” असं विचारू नका. हा प्रश्न त्या पोरांना फार लागतो.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये २०१२ पासून एक प्रथा आहे, मला ती मनापासून आवडते. तिथल्या चंदेरी हेल्मेटवर मधोमध लाल पट्टा असतो. नवीन मुलाच्या हेल्मेटवर तो काळ्या पट्टीने झाकतात. सरावात त्याने स्वतःला सिद्ध केलं, की सगळ्या टीमसमोर ती काळी पट्टी काढतात. कुणाची ऑगस्टमध्ये निघते, कुणाला पुढचं वर्ष उजाडतं. शाळेत किती स्टारचा खेळाडू होतास हे तिथे कुणी विचारत नाही.

आणखी एक बदल या पोरांवर थेट येऊन पडलाय. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू झालं आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. त्यामुळे तयार व्हायला तीन वर्षं लागतील अशा अठरा वर्षांच्या मुलापेक्षा कोच दुसऱ्या टीममधला तयार गडी उचलतात. भाच्याने त्या तीन कोचना सरळ विचारावं: माझ्या जागेवर गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती घेतले आणि शाळेतून किती? शाळेतून घेतलेले आज कुठे आहेत? चांगला कोच या प्रश्नाने रागावत नाही.

आता विदर्भातल्या माणसाने विदर्भातल्या माणसाला सांगायची गोष्ट. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे हा शब्द घरोघरी माहीत आहे. तिकडे बरेच जण तो फक्त कृष्णवर्णीयांचा आजार समजतात, आणि भारतीय मुलाच्या बाबतीत तो कुणाच्या डोक्यातही येत नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड नावाचा १९ वर्षांचा मुलगा होता, पहिल्याच वर्षाचा. सप्टेंबर २००६ मध्ये एका रविवारी टीमला शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावा लावल्या. तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेलचा वाहक होता आणि टीममध्ये कुणालाच ते ठाऊक नव्हतं. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण उष्णता, शरीरातलं पाणी कमी होणं आणि न थांबता जीव तोडून धावणं एकत्र आलं की स्नायू फुटायला लागतात. त्याच्या घरच्यांच्या खटल्यानंतर २०१० मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य संस्थेने, डिव्हिजन वनच्या नवीन खेळाडूंकडे सिकलसेलचा अहवाल मागायला सुरुवात केली. वाहक असेल तर खेळणं बंद होत नाही. मधे थांबायची, पाणी प्यायची, वेग हळूहळू वाढवायची मुभा मिळते, आणि जीव वाचतो. भाचा अमेरिकेत जन्मला असेल तर जन्मतःच ही तपासणी झालेली असणार. ताईंनी तो अहवाल शोधून काढावा. तिकडे जन्मला नसेल तर आत्ताच रक्त तपासून घ्यावं, ऑफर कुठलीही असो.

साधी उष्णताही कमी घातक नाही. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाच्या टीममधला जॉर्डन मॅकनेअर सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी वारला. तोही १९ वर्षांचा. उपचारातल्या चुकांची जबाबदारी विद्यापीठाने स्वतः घेतली. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टेडियम, जिम, लॉकर रूम ते दाखवतीलच, तुम्ही ॲथलेटिक ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत बघणाऱ्या माणसाला भेटायला मागा. थंड पाण्याचा टब सराव मैदानाच्या किती जवळ आहे ते बघा. सराव थांबवायचा अधिकार डॉक्टर-ट्रेनरचा की कोचचा, हे विचारा.

अभ्यासाचं शेवटी लिहितोय, पण घाई त्याचीच आहे. डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षी खेळायला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स, आणि त्यात किमान २.३ जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, लागतो. सॅट या प्रवेशपरीक्षेची अट २०२३ मध्ये गेली. खरी मेख अशी, की त्या १६ पैकी १० कोर्स बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत पुरे झालेले हवेत, आणि त्यातले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. ते मार्क मग गोठतात, नंतर तोच कोर्स पुन्हा करून वाढवता येत नाहीत. शाळेतला प्रत्येक विषय ‘कोअर’मध्ये धरतातच असंही नाही. एनसीएएच्या साइटवर प्रत्येक शाळेची मान्य कोर्सची यादी असते. भाचा अकरावीत आहे, म्हणजे हातात एखाददुसरं सेमिस्टर आणि उन्हाळ्याची सुट्टी उरली आहे. ताईंनी या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरकडून मार्कांचा पूर्ण उतारा मागवावा आणि त्या यादीशी एकेक कोर्स पडताळून बघावा. कमी पडत असतील तर उन्हाळ्यात करता येतात, सप्टेंबरमध्ये उशीर झालेला असेल.

तीन कॉलेजांची नावं इथे खाली लिहिलीत तर कुठली कुठल्या गटात येते आणि कुणाला काय विचारायचं, ते सांगेन.