टर्बो लावलास, पण पेट्रोल पुरेल का?

अरे, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पळण्याआधी कागद-पेन घे. टर्बो गाडीत एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण 0.6 पाउंड पेट्रोल धर. 200 हॉर्सपॉवर हवेत, इंजेक्टर चार, तेही 80 टक्क्यांच्या वर ताणायचे नाहीत. म्हणजे प्रत्येकी मिनिटाला 400 सीसीच्या आसपास. पंपावर आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात इंधन थोडं जास्तच लागतं, म्हणून मी एक नंबर मोठे घेतो.

खरे फसतात ते फ्युएल पंपात. डब्यावर तासाला 255 लिटर छापलेलं बघून खूश होऊ नकोस. मूळ दाब 3 बार, वर 1 बार बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब), म्हणजे 4 बारला तो किती देतो ते विचार. दाब वाढला की पुरवठा घटतो. माझा पंप नवाकोरा, तरी बूस्ट आला की मिश्रण लीन व्हायचं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मल्टिमीटर लावला तर पंपाच्या टोकाला जेमतेम 11 व्होल्ट! जुनी वायर सुतळीसारखी. बॅटरीपासून जाड वायर ओढली, वेगळा रिले टाकला, आजार गेला.

पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची नळी इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डलाच जोड. होज इथेनॉलला टिकणारे घे. आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून ट्यूनिंग होईपर्यंत फुल थ्रॉटल अजिबात नाही. आरटीओचं काय करायचं ते भेटल्यावर बोलू.