पाच माणसं, एक फोन आणि तुमचा मुलगा

प्रश्न : मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतंत्र मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. ही मंडळी माझ्या वडिलांनी उभी केली. आज सत्तरेक कुटुंबं आहेत. स्टाफ पाच जणांचा : मी, हिशेबाचे क्लार्क, बायबल बाई (घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या), क्वायर मास्तर आणि शिपाई. कुणाचा कुणाशी मेळ नाही. गेल्या नाताळात क्वायर आणि संडे स्कूल एकाच वेळी सरावाला आले, भांडण झालं. ऐन कार्यक्रमात लाइट गेली तर जनरेटरमध्ये डिझेल नाही. प्रत्येकाचं एकच, 'मला कुणी सांगितलं नाही'. माझा मुलगा २२ वर्षांचा, बी.कॉम. ६१ टक्के. लहानपणापासून चर्चचं सगळं तोच बघतो. साउंड, स्लाइड, अर्पणाची मोजणी, गाडी. म्हणजे नेतृत्वगुण आहेतच. त्याला एमबीए करायला लावून परत आणावं आणि स्टाफची टीम बांधायचं काम त्याच्याकडे द्यावं असं ठरवलं आहे. आठ लाखांपर्यंत कर्ज काढेन. तो जी.डी.सी. अँड ए. की काहीतरी म्हणतो, एका ऑडिटरकडे जातो. मोठी मुलगी बी.एड. झाली, संडे स्कूल बघते, तिच्यासाठी स्थळं पाहतोय. मुलासाठी कोणतं कॉलेज चांगलं?

उत्तर : पाळकसाहेब, सलाम.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. वर मी त्याचा सारांश दिलाय. त्यातली तीन पानं स्टाफवर आणि नाताळच्या गोंधळावर गेली आहेत. मुलाला स्वतःला काय हवंय यावर एक वाक्य आहे, तेही 'की काहीतरी म्हणतो' असं. काळजी वाटली ती तिथे. ६१ टक्क्यांची मला अजिबात चिंता नाही. ६१ टक्क्यांवर माणसं व्यवस्थित उभी राहतात, मी शेकड्याने पाहिली आहेत.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन टाकते. एमबीएसाठी राज्याची सीईटी आहे, कॅट आहे, तारखा आणि फॉर्म कुठल्याही सायबर कॅफेत मिळतील. आता माझा प्रश्न. आठ लाखांचं कर्ज काढून तो एमबीए झाला आणि परत आला, तर सत्तर कुटुंबांची मंडळी त्याला पगार काय देणार? कर्जाचा हप्ता अर्पणातून जाणार का? हे गणित पत्रात कुठेच नाही. बी.कॉम. झालेल्या मुलाने ते नक्की मांडलं असेल, आणि तुमच्यासमोर बोलला नसेल.

तुम्ही स्टाफच्या दुखण्यावरचं औषध म्हणून मुलाला शिकवायला निघाला आहात. दुखणं एकाचं आणि कडू काढा दुसऱ्याने प्यायचा.

'सगळं तोच बघतो, म्हणजे नेतृत्वगुण आहेत' हे वाक्य मी तीनदा वाचलं. हा गैरसमज फक्त तुमचा नाही. शाळेत, गणेश मंडळात, सोसायटीत, सगळीकडे तो आहे. जो मुलगा सगळं धावून करतो तो पुढारी, असं आपण धरून चालतो. तुमच्याच पत्रातून उलटं दिसतंय. साउंड तो बघतो म्हणून क्वायर मास्तर माइकला हात लावत नाहीत. गाडी तो चालवतो म्हणून बायबल बाईंनी घरभेटींचं वेळापत्रक स्वतः ठरवणं सोडलं असणार, कारण गाडी कधी मोकळी ते त्यालाच माहीत. जनरेटर वर्षानुवर्षं त्यानेच सुरू केला, मग शिपायाला डिझेल का आठवावं? घरचा पोरगा आहे ना, तो करेल. चार पगारी माणसांना रिकामं करणारा पाचवा बिनपगारी माणूस तुम्ही घरात वाढवला आणि त्याला नेतृत्व म्हणताय. मुलगा कष्टाळू आहे, सज्जन आहे, हे मान्य. टीम बांधणाऱ्या माणसाची खूण मात्र वेगळी असते : तो दोन आठवडे गावाला गेला तरी काम अडत नाही.

अशी खूण तुमच्या पत्रात एकाच ठिकाणी सापडते. मुलीची संडे स्कूल. तुम्ही ओघात लिहून गेलात की गेल्या वर्षी तिच्या परीक्षेच्या काळात दोन महिने ती आली नाही, 'तरी वर्ग चालू राहिले, बाकीच्या मुलींनी सांभाळलं'. साहेब, तुम्ही ज्याच्या शोधात आठ लाख घालायला निघालात ते हेच आहे! तिने नऊ जणींना धडे वाटून दिले, कुणी गाणी घ्यायची, कुणी हजेरी, कुणी लहानग्यांना सांभाळायचं ते लावून दिलं आणि बाजूला झाली. त्याची दखल मात्र तुम्ही एका ओळीत घेतलीत आणि पुढच्याच वाक्यात स्थळांवर आलात. तिलाही आता जबरदस्तीने चर्चच्या गाड्याला जुंपा असं मी म्हणत नाही. तिला शाळेत शिकवायचं असेल तर शिकवू द्या. पण हे कसं जमवलंस, एवढं तिला एकदा समोर बसवून विचारा. मध्ये बोलू नका.

आता 'माझ्यानंतर कोण' याबद्दल. पत्रात हे तीनदा येतं. मी तुमच्या धर्माची नाही, पण नगरला बरीच वर्षं शिकवलं, नाताळचा फराळ पुष्कळ घरी खाल्लाय, म्हणून थोडा आगाऊपणा करते. तुमच्याच शास्त्रातला लोकांचा पुढारी मोशे, त्याला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. पुढची धुरा गेली यहोशवाकडे, तो त्यांच्या घरातला नव्हता. हे फार लांबचं वाटत असेल तर दौंडजवळच्या केडगावला चला. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा शिकली-सवरली होती, आईच्या कामात खांद्याला खांदा लावून होती, पुढे मुक्ती मिशन ही संस्था तीच पाहील असं सगळ्यांनी धरलं होतं. १९२१ मध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे. रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नव्हतं, शेती, विणकाम, छापखाना अशी कामं हाती दिली होती. त्यांनी भाषांतर केलेलं बायबल केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं, छपाईचे खिळे जुळवायला मुली होत्या. एवढे हात तयार असले की एका वारसावर सगळं टांगून राहत नाही. तुमच्याकडे आज किती हात तयार आहेत? पत्रावरून मला दोनच दिसतात, आणि दोन्ही तुमच्या मुलाचे.

उद्या त्याला स्वतःला पाळक व्हावंसं वाटलं, तर गोष्ट वेगळी. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून तिकडे गेलेली. सेरामपूरच्या धर्मशास्त्राच्या पदव्यांचाही मार्ग आहे. (आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, हुगळीकाठचं. तिथल्याच विल्यम कॅरी या मिशनरीसाहेबांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं.) पण हे 'त्याला वाटलं तर'. बापाला वाटून कुणी सेमिनरीत जाऊ नये, आणि एमबीएला तर नाहीच नाही.

त्याला जे वाटतंय ते तुम्ही नीट ऐकलंही नाहीत म्हणून सांगते. जी.डी.सी. अँड ए. ही राज्याच्या सहकार खात्याची परीक्षा आहे, सहकार आणि लेखाशास्त्राची पदविका. पदवीधराला देता येते. फी एमबीएच्या मानाने किरकोळ, आणि नोकरी करत अभ्यास होतो. पुढे अनुभव जमला की सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करायची वाट उघडते. तुम्ही प्रवरानगरच्या जिल्ह्यात राहता. साखर कारखाने, सोसायट्या, दूध संघ, पतसंस्था, सगळ्यांना दरवर्षी ऑडिट लागतं. बी.कॉम. झालेला, आकड्यांची आवड असलेला मुलगा ऑडिटरकडे स्वतःहून जातोय, याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तोट्याचा मुद्दाही सांगून टाकते : पहिली काही वर्षं पैसे बेताचे मिळतात आणि मार्चनंतर जेवणाची शुद्ध राहत नाही.

यात एक नाजूक गोष्ट आहे. ज्याला ऑडिटर व्हायचंय तो तुमच्याकडे अर्पणाची मोजणी करतोय. पाळकाच्या मुलाने दानाचे पैसे मोजायचे आणि क्लार्कने तो आकडा नुसता वहीत उतरवायचा, हे ऑडिटच्या कुठल्याही नियमात बसत नाही, आणि माणसांच्या मनात तर मुळीच बसत नाही. मुलगा चोख आहे, मला शंका नाही. पण क्लार्क 'आतून धुमसतात' असं जे तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. एकमेकांच्या नात्यातली नसलेली दोन माणसं उपासनेनंतर सर्वांसमोर मोजतील, दोघं सह्या करतील आणि पैसे क्लार्ककडे जातील, एवढी पद्धत या रविवारपासून लावा. टीमवर्कचा कोर्स तिथून सुरू होतो.

राहिला स्टाफ. तो प्रश्न करिअरचा नाही, पण तुम्ही विचारलाच आहे. पत्रात एक शब्द सारखा येतो : फोन. 'मी मास्तरांना फोन केला', 'मी बाईंना फोनवर सांगितलं', 'शिपायाला फोन लागला नाही'. पाच माणसं कधी एका जागी बसल्याचं चार पानांत कुठेही नाही. प्रत्येकाची तार तुमच्या फोनला जोडलेली, एकमेकांना कुणाचीच नाही. अशा ठिकाणी क्वायर आणि संडे स्कूल एकाच वेळी सरावाला येणार नाही तर काय होईल? त्या दोघांना एकमेकांचं वेळापत्रक कळायची सोय एकच होती, तुमची आठवण. आणि ती नाताळच्या आठवड्यात.

मोशेचीच गोष्ट आहे, तुम्ही यावर प्रवचनही दिलं असेल. लोकांचे तंटे सोडवायला तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसायचा. सासरा इथ्रो भेटायला आला, दिवसभर बघितलं आणि म्हणाला, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. लहानसहान बाबी निकालात काढायला माणसं नेम, अवघड तेवढं तुझ्याकडे येऊ दे. जावयाने सासऱ्याचं ऐकलं, हा मला त्यातला खरा चमत्कार वाटतो.

लक्ष द्या, इथ्रोने नुसती कामं वाटायला सांगितली नाहीत, निर्णय वाटायला सांगितले. तुम्ही कामं वाटता, निर्णय खिशात ठेवता. शिपायाने डिझेल आणायचं, पण पैसे तुमच्याकडे मागून. मास्तरांनी गाणी बसवायची, पण निवडणार तुम्ही. त्यापेक्षा मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास पाचही जण सतरंजीवर बसा. शिपायासकट. प्रत्येकाने या आठवड्यात काय करणार आणि कुणाची मदत लागेल ते सांगायचं. तुम्ही शेवटी बोलायचं, आणि हे तुम्हाला फार जड जाणार आहे. बैठक दर वेळी वेगळ्या माणसाने चालवावी. पहिली बायबल बाईंना द्या. घराघरांत काय चाललंय ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. शिपायाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये द्या, बल्ब, डिझेल, झाडू त्याने न विचारता आणावं आणि पावत्या क्लार्कला द्याव्यात. बघा, दोन माणसांत तुमच्याशिवाय व्यवहार सुरू झाला.

आणि यंदाचा हंगामाचा सण पूर्ण त्यांच्यावर सोडा. मांडव, प्रथमफळांचा (अर्पण म्हणून आलेल्या पहिल्या पिकाचा) लिलाव, जेवण, सगळं. काहीतरी बिघडणार. कोंबड्या सुटतील, जेवणाचा वाटा एखाद्या घराला पोचणार नाही, भोपळा कुणीतरी फारच स्वस्तात नेईल. तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही. मुलाने तर त्या दिवशी पाहुण्यासारखं यावं, जेवावं आणि जावं. सणानंतरच्या मंगळवारी कुठे चुकलं ते त्यांचं त्यांनाच बोलू द्या. वर्षभर हे चाललं की कोण कुणाच्या मागे उभा राहतो ते आपोआप दिसायला लागेल, आणि 'माझ्यानंतर कोण' या प्रश्नाला तुमच्या डोक्यात नसलेलं एखादं नाव कदाचित तिथूनच पुढे येईल.

मुलगा हातचा जाईल ही भीती पत्रात न लिहिताही कळते. तो ऑडिटर झाला तरी रविवारी मंडळीत येईलच. तेव्हा त्याला बाकावर बसून प्रवचन ऐकू द्या. चौदाव्या वर्षापासून साउंडच्या पेटीमागे उभा आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

पुढचं पत्र त्याचं येऊ दे, तुम्ही न वाचता पाठवलेलं. आणि क्लार्ककाकांना या सोमवारी घरी चहाला बोलवा. मोजणीचा विषय तुम्ही स्वतः काढा, त्यांनी काढायची वाट बघू नका.