जमिनीखालच्या वाहिन्या : रडारवर किती विसंबावे?

प्रश्न : पुण्यात हडपसर परिसरातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास लवकरच सुरू होत आहे. आवारातून पाण्याची, ड्रेनेजची, विजेची आणि गॅसची लाइन गेली आहे. परंतु जुने नकाशे अपुरे आहेत. सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की, रडारने चार मीटर खोलीपर्यंतचे सर्व काही दिसेल आणि चाचणी खड्डे घेण्याची गरज उरणार नाही. आवारातली माती काळी आहे. हे म्हणणे मान्य करावे का? (एक सचिव, पुणे)

उत्तर : मान्य करू नये. रडार सर्वेक्षण मात्र अवश्य करून घ्यावे.

हातगाडीसारखे ढकलत नेले जाणारे हे यंत्र जमिनीत रेडिओ लहरींचे सूक्ष्म स्पंद सोडते. माती आणि नळ यांचे विद्युत गुणधर्म जिथे बदलतात तिथून लहरींचा काही भाग परततो, आणि जाऊन येण्यास लागलेला वेळ यंत्र नोंदवते. वाहिन्या शोधण्यासाठी साधारणपणे २०० ते ५०० मेगाहर्ट्झचे अँटेना वापरतात. कोरड्या मुरमात अशा अँटेनाला दोन-तीन मीटरपर्यंतचे दिसू शकते. काळ्या मातीत मात्र फुगणारी चिकणमाती असते, ती पाणी व क्षार धरून ठेवते आणि वीज वाहून नेते. त्यामुळे लहरींची ऊर्जा वाटेतच विरते आणि ओल असेल तर एक मीटरखालचे दिसणेही कठीण होते. म्हणून चार मीटरचा आकडा तुमच्या आवारासाठी कोणीही आधी सांगू शकत नाही. सर्वेक्षण पावसाळ्याआधी, जमीन वाळलेली असताना करावे. गळक्या नळाभोवतीची जागा मात्र उन्हाळ्यातही ओलीच राहते, हे ध्यानात असू द्यावे.

खोलीच्या आकड्याबद्दल तर अधिकच सावध राहायला हवे, कारण यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजते. समजा, लहर २० नॅनोसेकंदांत परत आली. मातीतला वेग नॅनोसेकंदाला १० सेंटीमीटर धरला, तर जाऊन-येऊन अंतर दोन मीटर, म्हणजे वस्तू एक मीटर खोल ठरते. परंतु माती ओली असल्याने वेग प्रत्यक्षात ६ सेंटीमीटरच असेल, तर तीच वस्तू ६० सेंटीमीटरवर आहे. एक मीटरच्या भरवशावर जेसीबीचा चालक ७० सेंटीमीटरपर्यंत निर्धास्त खोदेल आणि बकेटचे दात थेट वाहिनीत घुसतील. म्हणून कंपनीने आवारातल्या एखाद्या व्हॉल्व्ह चेंबरचे झाकण उघडून नळाची खरी खोली टेपने मोजावी, त्याच नळावरून यंत्र फिरवावे आणि त्यातून मिळालेला वेग हिशेबात घ्यावा. हे काम थोडक्या वेळात होते. ते टाळणाऱ्या कंपनीचे आकडे मी स्वीकारणार नाही.

नळाला आडवे छेदत यंत्र नेले की पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते. अशी एकच कमान दिसली तर तो मुरमातला दगडही असू शकतो. शेजारच्या समांतर रेषांवरही त्याच ओळीत कमानी आल्या, तरच वाहिनी मानता येते. याचसाठी दोन्ही दिशांनी जवळजवळच्या रेषा घ्याव्या लागतात. त्या कमानीवरून आत पाणी आहे की गॅस, हे मात्र कळत नाही. घरोघरी जाणारी बारीक प्लास्टिकची गॅसनळी काळ्या मातीत बहुधा सुटते. काँक्रीटच्या फरशीत सळयांची जाळी असेल, तर तिच्याखालचे चित्रही पुसट होते.

ही उणीव काही अंशी विद्युतचुंबकीय लोकेटरने भरून निघते. चालू वीजकेबलचे ५० हर्ट्झचे क्षेत्र त्याला टिपता येते आणि धातूच्या नळाला संकेत जोडून त्याचा माग काढता येतो. प्लास्टिकची नळी मात्र, तिच्यासोबत तार टाकलेली नसेल, तर त्यालाही सापडत नाही. तेव्हा गॅस कंपनीला लेखी कळवून त्यांचा माणूस जागेवर बोलावावा. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप याच हेतूने आणले आहे. खोदाईची सूचना त्यातूनही द्यावी.

आता खड्ड्यांविषयी. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे ३८ क्रमांकाचे मानक वाहिन्यांच्या माहितीचे चार दर्जे मानते. नुसते जुने कागद सर्वांत खालच्या ‘डी’ दर्जाचे, त्यांना जमिनीवरच्या चेंबर व झाकणांची जोड दिली की ‘सी’, रडार व लोकेटरने शोधलेली माहिती ‘बी’ आणि वाहिनी प्रत्यक्ष उघडी करून मोजली तरच ‘ए’. तुमची कंपनी ‘बी’ दर्जाचे काम करून ‘ए’ दर्जाची हमी देत आहे. पहार घेऊन खड्ड्यात उतरणाऱ्या मजुराचा जीव त्या हमीवर टांगता ठेवू नये. पायाची खोदाई जिथे वाहिनी ओलांडणार आहे, अशा प्रत्येक जागी हाताने, बेताने चाचणी खड्डा घ्यावा आणि ही अट करारातच लिहावी. जिथे लहरी पोहोचल्या नाहीत तो भाग नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवण्याची अटही घालावी, कारण कोऱ्या जागेला लोक मोकळी जागा समजतात.

प्रश्न : सर्वेक्षणाच्या वेळी लहान मुलांना इमारतीबाहेर न्यावे का? (त्याच संस्थेतील एक सदस्या)

उत्तर : गरज नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनकारी, म्हणजे शरीरातील पेशींना इजा करू शकणाऱ्या, नसतात, त्यांची शक्ती अत्यल्प असते आणि अँटेनाचे तोंड जमिनीकडे असते. मुलांना यंत्राच्या वाटेत येऊ देऊ नये आणि आखलेल्या खुणा पुसू देऊ नयेत, इतके पाहिले तरी पुरे.